पांढरं पथ्य

लेस्टर,
१२ नोव्हेंबर १९९५

ती. सुनयनाताईस,
अरुणाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं दिवाळीचं पत्र काल मिळालं. करंज्यांचं वर्णन पोटभर वाचलं. करंज्या पाठवण्यापेक्षा वर्णनाला टपालखर्च कमी, हे तुझ्यासारख्या निवृत्त मास्तरीणबाईंना बरोबर ठाऊक!

मोठी बातमी अशी की स्मिताचं लग्न ठरलं. जूनचा दुसरा शनिवार. मुलगा इथलाच, गोरा, शाळेत शिकवतो. स्वभावाने गरीब आहे. त्याची आई मात्र हसली की आपल्या शाळेतल्या पियानोच्या पट्ट्या आठवतात, एक दात इकडचा तिकडे नाही. साखरपुड्याचे अकरा फोटो आले आणि अकराही फोटोंत माझा हात तोंडावर. अल्बम मिटताना स्मिता एवढंच म्हणाली की मम्मी, लग्नात तरी हात खाली ठेवशील ना?

तुला माझे दात माहीतच आहेत. सहाव्या वर्षी दाढ दुखली म्हणून आईने मिश्री लावली आणि ती भाजलेल्या तंबाखूची काळी पूड मला कायमची चिकटली. बोर्डिंगातल्या सिस्टर रोज सकाळी रांगेत नखं आणि दात बघायच्या, तेव्हा मी ओठ मिटून उभी राहायची, तू माझ्या पुढे सरकून मला झाकायचीस. तेव्हापासून मी हात आडवा धरूनच हसते. खरं सांगू? तू लोणच्याबरोबर पाठवलेली मिश्रीची डबी मी गेल्या वर्षी कुठे कचऱ्यात टाकली.

इथले खाजगी दातांचे डॉक्टर आमच्या आवाक्यातले नाहीत. कारखान्यातली शालन वाशीला जाऊन दात पांढरे करून आली, ओळखू येत नाही. तिथे परदेशातून येणाऱ्या रुग्णांची वेगळी सोय आहे म्हणे. पत्ता सोबत लिहिला आहे. जरा चौकशी करशील? फेब्रुवारीत चार आठवड्यांची रजा मिळते आहे.

एकच विनंती, आईला यातलं काही सांगू नकोस. तिच्या डोळ्याच्या ऑपरेशनला मला रजा मिळाली नाही. आता दातांसाठी मिळाली, हे तिला कोणत्या तोंडाने सांगू? तुझी आठवण आली म्हणून येते, एवढंच कळव. ते काही अगदीच खोटं नाही.

आपला दर्यावर्दी भाऊ हितेश कुठल्या समुद्रात आहे? त्याच्या नमिताला आशीर्वाद. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
अरू


शिरवणे,
३ डिसेंबर १९९५

चि. सौ. अरुणा हीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

स्मिताची बातमी वाचून मी शाळा सुटल्यासारखी घरभर फिरले. जावई गोरा असो की सावळा, मुलीला हसवणारा असला म्हणजे झालं.

तुझं काम केलं. वाशीचा दवाखाना तिसऱ्या मजल्यावर आहे. काचेचं दार, आत थंडगार. काउंटरवरच्या मुलीने पहिल्यांदा मला बाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. पेशंट लेस्टरहून येणार आहे म्हटल्यावर आत मऊ कोचावर बसवलं आणि पाणी दिलं. शेजारी मस्कतहून आलेलं जोडपं होतं. तू अजून विमानातही बसली नाहीस आणि तुझ्या नावाने मला मान मिळाला बघ.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, समजावून सांगतात. त्यांच्याकडे दातांच्या रंगांची एक पट्टी असते. साडीला फॉल जुळवायला दुकानदार रंग काढून दाखवतो ना, तशी. तुझ्या तोंडाच्या मापाचा पातळ साचा करतील, त्यात औषध भरून चौदा रात्री तो दातांवर घालून झोपायचं. पुढच्या तुटक्या दाताला टोपी बसवायची ती शेवटी, पांढरा रंग स्थिरावल्यावर. कारण दात पांढरे होतात, टोपी कधीच होत नाही. घाई करून टोपी आधी बसवली तर तो एक दात जन्मभर चुगली करत राहील. म्हणून चारही आठवडे पुरे लागतील.

आणि पथ्य. चहा नाही, कोकम नाही, हळद तर मुळीच नाही. भात, दूध, दही, तांदळाची भाकरी, उकडलेला बटाटा. पांढरं तेवढंच खायचं. तू एकटी फिकं खात बसलीस तर आईच्या नजरेत भरेल, म्हणून सगळ्या घराचंच जेवण मी तसं करीन. मला पित्तावर पथ्य दिलंय असं सांगेन.

पण अरू, मला हे आवडत नाही. हिरामण मामा गेला तेव्हा आईचं हृदय नाजूक म्हणून आपण अकरा महिने ते तिच्यापासून लपवलं. मामाच्या नावाने मी पत्रं लिहायची आणि मीच तिला वाचून दाखवायची. वर्षश्राद्धाचं बोलावणं आलं तेव्हा तिला कळलं. त्या दिवशी ती माझ्याकडे जे बघत राहिली, ते मी विसरलेले नाही. पुन्हा तिच्याशी खोटं बोलणार नाही असं ठरवलं होतं. तुझ्यासाठी मोडते.

तू येणार म्हटल्यावर आईने सगळ्या आळीला सांगून टाकलंय. माझी अरू नुसती मना भेटाया येते, काम नाय, काज नाय, असं म्हणते आणि पदर सावरते. हितेशची बोट जानेवारीत सुटेल, ऑगस्टपर्यंत तो परत नाही.

लवकर ये. आम्ही वाट बघतो आहोत, हे वेगळं लिहायला नको.

तुझी
ताई


लेस्टर,
६ मार्च १९९६

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. विमानतळावर स्मिताने मला पाहिलं आणि ती आधी ओळखच विसरली, मग रडली. कारखान्यात बायकांनी मला दिव्याखाली उभं करून दात पाहिले. टोपी कुठली आणि दात कुठला, कुणाला सांगता आलं नाही. काल दुकानात पैसे देताना मी हसले आणि हात खालीच राहिला. घरी येऊन एकटीच बसले, ताई. चव्वेचाळीस वर्षांनी हात खाली राहिला.

तुझे उपकार फेडता यायचे नाहीत. महिनाभर तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी मिळमिळीत खाल्लंत. आता झणझणीत कालवण करा आणि माझ्या वाटचं नमिताला वाढा.

आईचं मात्र मनाला लागून राहिलं आहे. निघताना मी पाया पडले तर तिने तोंडावरून हात फिरवला नाही. भिंतीकडे बघत राहिली. फार थकली आहे का? नीट कळव.

पत्राची वाट पाहते. आठवण ठेव.

तुझी
अरू


शिरवणे,
१५ मार्च १९९६

चि. सौ. अरुणास,
आशीर्वाद.

तुझं पत्र काल आलं. हात खाली राहिला हे वाचून बरं वाटायला हवं होतं. इकडे जे घडलं ते जसंच्या तसं लिहिते.

होळीच्या दिवशी नमिता नवी साडी नेसली, हिरव्या बांगड्या भरल्या, केसांत गजरा माळला आणि ताट घेऊन गावच्या होळीला निघाली. दारात आळीतल्या पाच-सहा बायका उभ्या होत्या. आई आतून उठून आली, नमिताच्या वाटेत उभी राहिली आणि आपल्या पदराने तिने नमिताच्या कपाळावरचं कुंकू पुसलं. सगळ्यांसमोर. तिला छातीशी धरून म्हणाली की पोरी, आता रड, माझ्यापायी नको लपवू, मना कवाचं समजलंय.

नमिता किंचाळली. ताट पडलं. एक बांगडी फुटली. नवरा समुद्रावर असलेल्या बाईच्या हातातली बांगडी होळीच्या दिवशी फुटली, म्हणजे काय होतं ते तुला सांगायला नको.

आईची खात्री आहे की हितेश गेला आणि आपण सगळ्यांनी ते तिच्यापासून लपवलं. का, ते ऐक. आपल्यात सुतकात हळद नाही, फोडणी नाही. आणि तू आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी तेच रांधून तिच्या ताटात वाढत होते. नुसता भात, बिनफोडणीचं वरण, उकडलेलं. घरात सुतक आलं की आईच चूल सांभाळायची, आपण तेव्हा बोर्डिंगात, मग मी नोकरीत. मी रोज माझ्या हातांनी ते शिजवलं आणि मला एकदाही सुचलं नाही. नमिताला सुचलं होतं. वन्सं, हे बरं दिसत नाही, असं ती चौथ्याच दिवशी म्हणाली होती. शिकलेल्या बाईने असलं मनात आणू नये, असं सांगून मी ते हसण्यावारी नेलं.

आता सगळं उलगडतं आहे. आईने पलंग सोडून चटई धरली, तेव्हा आपण म्हटलं कंबर दुखत असेल. दहाव्या दिवशी तिने डोक्यावरून गार पाणी घेतलं आणि गच्चीच्या कठड्यावर कावळ्याला भात ठेवला. आपण दोघी हसलो होतो, आठवतं? ती पोटच्या पोराचा दहावा करत होती, अरू. एकटी. आपल्याला कळू न देता, कारण आपल्याला वाटत होतं की तिला कळलेलं नाही.

त्याच संध्याकाळी मी तिला खरं सांगितलं. दात, औषध, पथ्य, सगळं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली की तू शिकलेली, तुझ्यापाशी समद्याला उत्तर हाय, मामाचीपन तूच लिवत व्हतीस. दाखवायला औषधाचा साचासुद्धा माझ्याजवळ नाही, तो तू घेऊन गेलीस.

नमिताला तिची आई न्हावा गावी माहेरी घेऊन गेली. जाताना म्हणाली, जावई दारात उभा राहील तेव्हाच मुलगी पाठवू. आई दिवसातून एकदा दोन घास खाते.

मनाला बळ दे आणि मलाही दे.

ताई


लेस्टर,
२५ मार्च १९९६

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. बिचारी नमिता.

पण ताई, धीर सोडू नकोस. बोट कुठल्या तरी बंदराला लागेलच. कंपनीच्या ऑफिसातून निरोप पाठवून हितेशला फोन करायला सांग. मुलाचा आवाज ऐकल्यावर आई कशाला शंका घेईल? चांगल्या डॉक्टरलाही दाखव, या वयात असे भ्रम होतात असं इथे म्हणतात.

आणि दातांचं तू पुन्हा पुन्हा काढू नकोस. ती विश्वास ठेवत नाही म्हणतेस, तर सांगून उपयोग तरी काय? माझी तिच्याजवळ जी काय थोडी किंमत आहे ती तेवढी राहू दे. इथे आमंत्रणं छापायला गेली आहेत. स्मिता रोज विचारते की मम्मी, तू गप्प का? तिला काही सांगितलेलं नाही.

आईचा आशीर्वाद मात्र मला लग्नाला हवा. तेवढा तिच्याकडून घेऊन कळव. मला परकी समजू नकोस.

तुझी
अरू


शिरवणे,
१० एप्रिल १९९६

अरुणास,

आशीर्वाद आहेतच.

हितेशचा फोन आला. ब्राझीलमधल्या कुठल्या बंदरातून. शेजारी शेवंताबाईंच्या घरी आईला धरून नेलं. तिला कमी ऐकू येतं, त्यात लाइनीवर खरखर. आई, मी हितेश, मी हाय, मी हाय, असं तो ओरडत होता, इकडे आम्हालासुद्धा ऐकू येत होतं. आईने रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि म्हणाली की कुनाच्या पोराला उगा रडवता? आता ती फोनकडे फिरकत नाही. हितेशने बोटीवरून सुटायला अर्ज केला, बदली माणूस मिळेना. ऑगस्टच्या आत सुटका नाही. आईचे हात तुला माहीत होते तसे राहिलेले नाहीत. काड्या झाल्यात. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले भ्रम नाही, आजार नाही, ही बाई ठरवून जेवत नाही. अशीच राहिली तर ऑगस्ट बघणार नाही.

काल मी तिच्यापाशी बसून विचारलं की इतकी खात्री तुला झाली कशी? नुसत्या हळदीवरून? तर ती म्हणाली, हळदीवरून नाही. अरूवरून.

तू आलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी, मी बाजारात गेले असताना, तिने तुला विचारलं होतं. ना लगीन, ना सण, पाच वर्षांत नाय ती एकदम कशी आलीस? चुलीवर हळद नाय. कोन गेला, ते सांग. आणि तू तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडलीस. नाही म्हणाली नाहीस. हितेशचं नाव घेऊन तिने विचारलं तेव्हाही नाही म्हणाली नाहीस. कुनी नाय गं, तू जेव, एवढं म्हणालीस आणि उठून गेलीस.

तू का रडलीस ते मला कळतं. फक्त तिच्यासाठी आलीस असं ती मानून बसली होती आणि तुझ्या बॅगेत औषधाच्या नळ्या होत्या. तुला लाज वाटली. पण आई काय समजते आहे ते तुला कळलं होतं, अरू. त्यानंतर पंचवीस दिवस तू तिच्या समोर पांढरा भात खाल्लास. एकदा तोंड उघडून साचा दाखवला असतास तर पुरे होतं. मीही दोषी आहे, रांधणारी मीच. पण मला माहीत नव्हतं.

आता एकच कर. तिच्या नावाने पत्र लिही. मी तिला वाचून दाखवीन. स्वतःला सांभाळून घेणारं लिहू नकोस, तसली पत्रं लिहिण्यात माझाच हात कुणी धरणार नाही. खरं लिही. नाहीतर स्मिताच्या लग्नाला तू काय हवं ते कर, पण इथून आशीर्वाद मागू नकोस.

सुनयना


लेस्टर,
२३ एप्रिल १९९६

ती. ताईस,
शि. सा. न.

चार दिवस कागद घेऊन बसले. सोबतचं आईला वाचून दाखव. त्यातलं काही गाळू नकोस आणि काही घालू नकोस.

अरुणा


ती. आईस,
अरूचा साष्टांग नमस्कार.

आपल्या बोलीत लिहायला घेतलं, पण हात वळेना. ताई वाचेल तसं ऐकून घे.

आई, मी तुला भेटायला आले नव्हते. मी दात पांढरे करायला आले होते. स्मिताच्या लग्नात गोऱ्या माणसांपुढे मला मिश्रीच्या दातांची लाज वाटत होती, म्हणून वाशीच्या डॉक्टरकडे आले. तुला भेटणं त्यात ओघाने झालं. दवाखाना दुसऱ्या कुठल्या गावात असता तर मी त्या गावी गेले असते आणि तुला कळवलंही नसतं. तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला रजा मिळत नाही म्हणून लिहिलं होतं, तेव्हा मी ती मागितलीच नव्हती.

दातांच्या औषधाला हळद चालत नाही, म्हणून ताईने घरात हळद घातली नाही. कुणाचंही सुतक नव्हतं. रोज संध्याकाळी मी बाजारात जाते म्हणून सांगायची, तेव्हा मी दवाखान्यात जायची. तू मला कोण गेला म्हणून विचारलंस तेव्हा तू काय समजते आहेस ते मला कळलं. खरं सांगितलं तर मी तुझ्यासाठी आले नाही हे तुला कळेल, म्हणून मी गप्प राहिले. मला वाटलं, मी गेल्यावर आपोआप निस्तरेल. मी आधी माझं बघितलं.

हितेश आहे. तो फोनवर खरंच तोच होता. तू जेव.

अरू


शिरवणे,
८ मे १९९६

चि. सौ. अरुणास,
आशीर्वाद. वि. वि.

पत्र गुरुवारी आलं. आईला भिंतीला टेकवून बसवलं आणि वाचलं. काही गाळलं नाही. संपल्यावर ती म्हणाली की परत वाच.

दुसऱ्यांदा वाचून झालं. मग म्हणाली की हे खरं हाय. मी विचारलं, आता कसं पटलं? तर म्हणाली, तुजी मामाची पत्रं कशी गोड व्हती. खोटं असतं तर हेपन गोड लिवलं असतं. सोताला असं कोन लिवतं?

आणि मग अरू, तिने दोन्ही हात जमिनीवर आपटले आणि ओरडली, माजा पोर हाय! माजा पोर हाय! शेवंताबाई धावत आल्या, त्यांना वाटलं काही बरंवाईट झालं. आई हसत होती, रडत होती, मला शिव्या देत होती. तीन महिने पोराचं सुतक पाळलं, तुमी मेल्या शिकलेल्या, असं काय काय. तांदळाची पेज दिली तर ती बाजूला सारली आणि म्हणाली, कालवन कर, हळद घालून कर.

दुसऱ्या दिवशी तिने रिक्षा बोलावली. अंगात त्राण नाही, पण ऐकेना. शेवंताबाईंना बरोबर घेतलं, कारण आम्ही दोघी विधवा आणि कुंकू लावायला सवाष्ण हवी. न्हावा गावात नमिताच्या आईच्या दारात उतरली आणि उंबऱ्याबाहेरच बसून राहिली. म्हणाली, माझ्या हातून वाईट झालं, मना मारा. नमिता बाहेर आली. शेवंताबाईंनी तिला हळदकुंकू लावलं, आईने नव्या हिरव्या बांगड्या पुढे केल्या. नमिता घरी आली आहे. बोलते कमी. हितेश परत येईपर्यंत तिच्या मनातली पाल चुकचुकत राहणार, त्याला इलाज नाही.

लग्नाला आशीर्वाद मागितला होतास. मी विचारलं. स्मिताला तिने तोंडभरून दिला, पोरीचा संसार सुखाचा होवो, नवऱ्याला सांभाळून घे म्हणावं. तुझ्यासाठी काही सांगायचं आहे का म्हणून थांबले. ती तांदूळ निवडत होती, निवडत राहिली. मग एवढंच म्हणाली की म्हनून ती माझ्यापाशी निजत नव्हती. मी बोलवायची, तर आतल्या खोलीत जायची. मना वाटायचं, भावाच्या दुखानं निजत नसंल.

तू तिला मुलगा परत दिलास, हे खरं आहे. ते पत्र लिहिणं सोपं नव्हतं, हेही मला कळतं. हे तुला कळवावं की नाही, याचा दोन दिवस विचार केला. पण आता आपल्या घरात कुणी कुणाला गोड लिहायचं नाही, असं मी ठरवलं आहे.

आई आता दोन्ही वेळा जेवते. संध्याकाळी ओट्यावर बसते. आळीतल्या बायका येतात, हितेशचं विचारतात, ती बोटीच्या गोष्टी सांगते. परवा कुणीतरी विचारलं की रंगूबाई, तुमची इलायतेची लेक परत कधी येणार?

आई म्हणाली, दात दुखले की येल.

बायका हसल्या. त्यांना वाटलं, थट्टा करते.

स्मिताच्या लग्नात हात खाली ठेव.

तुझी
ताई